राखीव संगणकाची परीक्षा

दहावीच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्रात दरवर्षी १५ लाखांच्या आसपास विद्यार्थी ही परीक्षा देतात, आणि निकालाची वेळ झाली की ते सगळे, त्यांचे पालक, मामा, मावश्या असे सर्वजण एकाच क्षणी एकाच संकेतस्थळावर धाव घेतात. एवढ्या सगळ्यांना एका संगणकाने उत्तर देणे शक्य नाही. म्हणून अशा ठिकाणी मागे अनेक संगणक असतात, आणि त्यांच्या पुढे एक मध्यस्थ संगणक बसवलेला असतो. त्याला तंत्रज्ञ प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात.

या मध्यस्थाचे काम तुमच्या शाळेच्या कचेरीच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनासारखे आहे. तुम्ही बोनाफाइड दाखल्याचा अर्ज खिडकीत देता. आत तो कोणत्या टेबलावर गेला, दाखला कोणी लिहिला, हे तुम्हाला कळत नाही व कळण्याची गरजही नसते. खिडकीवरचा कारकून अर्ज आत देतो आणि तयार दाखला तुमच्या हाती ठेवतो. आतला एखादा माणूस रजेवर गेला, तर तो अर्ज शेजारच्या टेबलावर सरकवतो. मुख्य संगणक बंद पडताच मध्यस्थाने सारे काम राखीव संगणकाकडे वळवावे, हीच अपेक्षा असते.

आता प्रश्न असा, की मुख्य संगणक बंद पडला हे मध्यस्थाला समजते कसे? उत्तर अगदी साधे आहे. तो ठरावीक अंतराने विचारत राहतो, ‘आहात ना?’ उत्तर आले तर ठीक. सलग काही वेळा उत्तर आले नाही तर तो संगणक गेला असे समजायचे. या विचारपुशीला संगणकाच्या नाडीचे ठोके मोजणे म्हणता येईल.

थोडे गणित करू. समजा, मध्यस्थ दर २ सेकंदांनी विचारतो, उत्तरासाठी १ सेकंद थांबतो आणि सलग ३ वेळा उत्तर न आल्यास निर्णय घेतो. संगणक नेमका उत्तर देऊन झाल्यावर बंद पडला, तर पुढचे तीन प्रश्न २, ४ व ६ व्या सेकंदाला जातील आणि निकाल ७ व्या सेकंदाला लागेल. प्रश्न येण्याच्या क्षणभर आधी बंद पडला, तर निकाल ५ व्या सेकंदाला लागेल. म्हणजे ५ ते ७ सेकंद काम मेलेल्या संगणकाकडेच जात राहणार. दर सेकंदाला २०० विनंत्या येत असतील, तर १००० ते १४०० विनंत्या फुकट जातील. मग दर पाव सेकंदाला का विचारू नये? कारण संगणक कधी कधी नुसता कामात गढलेला असतो. त्याला उत्तर द्यायला जरा उशीर झाला, एवढ्यावरून त्याला मृत ठरवले तर धडधाकट संगणक बाजूला पडेल. घाई केली तर खोटी ओरड आणि सबुरी ठेवली तर नुकसान. या दोहोंमधली जागा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते व ती मोजूनच ठरवावी लागते.

इथपर्यंत आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे. राखीव संगणक चालू स्थितीत आहे, ही ती गोष्ट! मुख्य संगणक बिघडला तर लगेच आरडाओरडा होतो, कारण त्याच्यावाचून कोणाचे तरी अडते. राखीव संगणक बिघडला तर मात्र कोणाचेच काही अडत नाही. तो मुकाट्याने बिघडतो आणि तसाच पडून राहतो. मोटारीच्या डिकीतले जादा चाक हवा गेलेल्या अवस्थेत वर्षभर पडून राहते, तसेच.

याचे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज जमेल. समजा, एखादे राखीव यंत्र सरासरी १००० दिवसांत एकदा बिघडते. आज आपण ते चालवून पाहिले व ते ठीक निघाले. उद्या ते बिघडलेले असण्याची संभाव्यता १००० मध्ये १, दहा दिवसांनी १००० मध्ये सुमारे १०, आणि अशी ती दिवसागणिक चढत जाते. आलेख काढा: आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर संभाव्यता. शून्यापासून चढणारी सरळ रेषा मिळेल. पुढच्या तपासणीच्या दिवशी ती पुन्हा शून्यावर उतरते आणि नव्याने चढू लागते. करवतीच्या दात्यांसारखी आकृती दिसेल. प्रत्येक दाता हा एक काटकोन त्रिकोण आहे, म्हणून त्याची सरासरी उंची शिखराच्या निम्मी. म्हणजे गरज पडेल तेव्हा यंत्र बंद आढळण्याची सरासरी संभाव्यता काढायची असेल, तर दोन तपासण्यांमधील दिवसांची निमपट करा आणि तिला १००० ने भागा.

वर्षातून एकदा तपासणी केली, तर ३६५ चे निम्मे भागिले १०००, म्हणजे सुमारे ०.१८. शंभर वेळा गरज पडली तर अठरा वेळा राखीव यंत्र दगा देणार! दर महिन्याला तपासले तर ०.०१५, म्हणजे शंभरात दीड वेळ. रोज तपासले तर २००० मध्ये १. यंत्र तेच, किंमत तीच, फक्त तपासण्याची सवय बदलली. (शिक्षकांसाठी: ही रेषा खरे म्हणजे घातांकी वक्र आहे. वार्षिक तपासणीसाठी तो वक्र धरला तर उत्तर ०.१८ ऐवजी सुमारे ०.१६ येते. लहान मुदतींसाठी फरक नगण्य आहे.)

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकीय सेवेच्या एका अभियंत्याकडून काम करता करता मुख्य संगणकावरील माहिती चुकून पुसली गेली. माहितीच्या प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था तेथे होत्या, परंतु वेळेला एकही धडपणे उपयोगी पडली नाही. रोज प्रत काढणारा कार्यक्रम कधीपासून अयशस्वी होत होता. त्याची सूचना देणारी पत्रे संगणक पाठवतही होता, पण ती पत्रे घेणाऱ्या यंत्रणेने नाकारली होती! एका अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली प्रत हाताशी होती म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतली माहिती गेली ती गेलीच.

हा सगळा प्रकार शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येतो. साहित्य: ६ व्होल्टचा एक रिले, टॉर्चचा ६ व्होल्टचा दिवा, दीड व्होल्टचे आठ कोरडे घट, एक रिओस्टॅट, एक दाबल्यावर तुटणारे बटण आणि व्होल्टमीटर. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारी कळ. तिच्या वेटोळ्यात प्रवाह असेल तर मधली पट्टी एका बाजूला ओढली जाते, प्रवाह गेला की स्प्रिंगमुळे ती दुसऱ्या बाजूला जाते. चार घटांचा एक संच मुख्य समजा, चारांचा दुसरा राखीव. दोन्ही संचांची ऋण टोके एकत्र जोडा. मुख्य संचाचे धन टोक रिओस्टॅटमधून एका बिंदूवर आणा, त्याला ‘अ’ म्हणू. ‘अ’पासून एक तार बटणातून वेटोळ्याला द्या व वेटोळ्याचे दुसरे टोक ऋण टोकाला जोडा. ‘अ’पासून दुसरी तार रिलेच्या अशा संपर्काला द्या, की जो पट्टी ओढली गेल्यावर जुळतो. पट्टी सुटल्यावर जुळणाऱ्या संपर्काला राखीव संचाचे धन टोक जोडा. दिवा मधली पट्टी आणि ऋण टोक यांच्यामध्ये.

रिओस्टॅट शून्यावर ठेवून जोडणी पुरी करा. दिवा मुख्य संचावर पेटेल. आता मुख्य संचाची तार काढा. ‘टक्’ असा आवाज होईल आणि दिवा पेटलेलाच राहील. हा झाला आपला मध्यस्थ! वेटोळे हेच नाडी पाहणारे बोट.

यानंतर तार पुन्हा जोडा, आणि गुरुजींनी विद्यार्थ्यांच्या नकळत राखीव संचात चार संपलेले घट घालावेत. दिव्याकडे पाहा. काही फरक दिसतो का? काडीचाही नाही. दिवा पूर्वीइतकाच झळझळीत पेटतो आहे. राखीव संच जिवंत आहे की मेलेला, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येणार नाही. कोणी म्हणेल, व्होल्टमीटर लावून पाहू. जरूर पाहा. वापरून संपलेला घटसुद्धा व्होल्टमीटरवर पुष्कळदा सव्वा-दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो, कारण व्होल्टमीटर त्यातून जवळजवळ प्रवाह घेतच नाही. दिव्याचा भार पडला की त्याच्या वाढलेल्या अंतर्गत रोधामुळे विभवांतर धाडकन खाली येते. म्हणून खरी तपासणी एकच: बटण दाबा. वेटोळ्याचा प्रवाह तुटतो, दिवा राखीव संचावर जातो आणि लगेच मंदावतो. बटण सोडा, दिवा परत मुख्य संचावर. मुख्य संचाला धक्का न लावता राखीव संचाचे बिंग फुटले.

आता राखीव संचात चांगले घट घाला, आणि मुख्य बाजूचा रिओस्टॅट हळूहळू वाढवत न्या. दिवा मंद होत जाईल. रिले लगेच सुटेल असे तुम्हाला वाटेल, पण तसे होत नाही. एकदा ओढलेली पट्टी धरून ठेवायला वेटोळ्याला बरेच कमी विभवांतर पुरते. त्यामुळे दिवा निम्माशिम्मा झाला तरी रिले मुख्य संचालाच चिकटून राहतो, आणि शेजारी ताजा राखीव संच स्वस्थ बसलेला असतो. संगणकाच्या जगात याला अर्धमेला संगणक म्हणावे. ‘आहात ना?’ म्हटले की तो ‘हो’ म्हणतो, पण काम मात्र हलत नाही. कचेऱ्यांतही अशी टेबले असतात, हे सांगायला नको.

रिओस्टॅट आणखी वाढवा. एका विशिष्ट जागी रिले एकाएकी घरघरू लागेल. असे का व्हावे? पट्टी सुटली की दिव्याचा भार मुख्य संचावरून निघून जातो. भार गेला की ‘अ’ बिंदूचे विभवांतर वर चढते, वेटोळ्याला वाटते की मुख्य संच बरा झाला, आणि ते पट्टी पुन्हा ओढते. भार परत आला की विभवांतर पुन्हा कोसळते. थकलेल्या संगणकाच्या बाबतीतही नेमके हेच घडते. काम काढून घेतले की तो टवटवीत दिसतो, काम दिले की पुन्हा आडवा होतो, आणि मध्यस्थ सगळ्या विनंत्या इकडून तिकडे फेकत राहतो. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ परतीचा रस्ता मुद्दाम अवघड ठेवतात. तीन ठोके चुकले की जायचे, पण मुख्य संगणक सलग मिनिटभर बरा दिसल्याशिवाय परत यायचे नाही.

हे सारे ध्यानात ठेवून आता मुंबईकडे वळू. बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१. राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३.४५ ला, आणि त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालले. एरवी बाजार ३.३० ला बंद होतो. मधले चार तास लोकांचे अर्धवट व्यवहार अडकून पडले. काही दलालांनी ते दुसऱ्या बाजारात, बीएसईत, मिळेल त्या भावाने मिटवले आणि अनेक लहान गुंतवणूकदारांना त्याची झळ बसली. बाजाराने नंतर दिलेला खुलासा आपल्या प्रयोगाच्या दृष्टीने फार बोलका आहे. मुख्य केंद्र आणि जवळचे राखीव केंद्र यांना जोडणाऱ्या तारा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. दोन्हींत एकाच वेळी बिघाड झाला, कारण त्या मार्गावर खोदकाम व बांधकाम चालू होते. त्यापाठोपाठ माहिती साठवणारी यंत्रणा अनपेक्षित रीतीने वागली. खरेदी-विक्रीची यंत्रणा स्वतः ठीक होती, पण प्रत्येक व्यवहारामागे पुरेशी अनामत आहे की नाही हे पाहणारी जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा हाती येईना. थोडक्यात, बाजार अर्धमेला झाला होता. दूरचे राखीव केंद्र चेन्नईत तयार होते, परंतु काम तिकडे हलवले गेले नाही. का हलवले नाही, याचा खुलासा सेबी या नियामक संस्थेने मागितला.

यात दोन धडे आहेत. पहिला संभाव्यतेचा. एक तार शंभर दिवसांत एक दिवस बंद असेल, तर दोन्ही तारा एकाच दिवशी बंद असण्याची संभाव्यता १०,००० मध्ये १, म्हणजे सत्तावीस वर्षांत एखादा दिवस, असे आपण गुणाकाराने काढतो. पण हा गुणाकार दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. दोन कंपन्या निराळ्या, बिले निराळी. पण खणणाऱ्या यंत्राला त्याचे काय! जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ रोजी हेच झाले. तेथे राखीव डिझेल जनित्रे एकाहून अधिक होती, पण त्सुनामीची एकच लाट आली आणि त्यांपैकी बहुतेक निकामी झाली. जनित्रांची संख्या वाढवून उपयोग नव्हता, काही जनित्रे उंचावर हवी होती.

दुसरा धडा वेळेचा. राखीव यंत्रणा सुरू होण्याचा एकूण काळ म्हणजे बिघाड कळण्याचा काळ, निर्णयाचा काळ आणि प्रत्यक्ष बदलाचा काळ यांची बेरीज. मध्यस्थ संगणकात निर्णय यंत्रच घेते, म्हणून तो काही सेकंदांत उरकतो. जिथे माणसे बैठक घेऊन ठरवतात तिथे तोच काळ सर्वांत मोठा असतो. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम घातला, की महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि तेथून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचे, गरज पडल्यास राखीव केंद्रावरून. निर्णयालाही घड्याळ लावले, हे माझ्या मते त्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम.

मग राखीव संगणकाची तपासणी करायची कशी? माणसाने अधूनमधून करून पाहायची, हा मार्ग फारसा भरवशाचा नाही. माणूस विसरतो, सोयीचा दिवस निवडतो, आणि काही मोडेल या भीतीने चालढकल करतो. म्हणून हे काम एका स्वतंत्र कार्यक्रमाकडे सोपवतात. तो ग्राहकाचे सोंग घेऊन मध्यस्थाकडे क्रमांक घातलेल्या विनंत्या पाठवू लागतो: १, २, ३, अशा एकसारख्या. त्या चालू असतानाच तो मुख्य संगणकावरचे काम मुद्दाम बंद पाडतो. नंतर हिशेब करतो. कोणत्या क्रमांकांना उत्तर आले नाही? कोणाला दोनदा आले? खंड किती सेकंदांचा पडला? मग मुख्य संगणक पुन्हा सुरू करून तो परतीचा प्रवासही तपासतो. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खंड मोठा निघाला की चाचणी नापास आणि तंत्रज्ञाला सूचना. दोनदा उत्तर येणे हे क्षुल्लक वाटेल, पण विनंती एसटीच्या आरक्षणाची असेल तर एकाच प्रवाशाच्या नावावर दोनदा आरक्षण झाले असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

बंद पाडण्याच्या तऱ्हाही अनेक हव्यात. नुसते यंत्र बंद करणे ही सर्वांत सोपी, आणि म्हणून सर्वांत कमी शिकवणारी तऱ्हा. कधी जोडणी तोडायची, कधी संगणक जिवंत ठेवून त्याची उत्तरे दहा पट उशिरा यायला लावायची, कधी त्याची साठवणीची जागा भरून टाकायची. आपल्या रिओस्टॅटचे काम ते हेच. शिवाय चाचणी भाराखाली व्हावी. दोन संगणक एरवी काम वाटून घेत असतील व प्रत्येकावर ६० टक्के भार असेल, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १२० टक्के येणार, हे कोणीही सांगेल. पण रात्री दोन वाजता, भार ५ टक्के असताना घेतलेल्या चाचणीत दोन्ही उत्तीर्ण होतात. घरच्या इन्व्हर्टरवर पंखा चालला म्हणून मिक्सर चालेलच असे नाही.

नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने २०१० च्या सुमारास या विचाराचे टोक गाठले. त्यांनी ‘केऑस मंकी’ नावाचा एक कार्यक्रम लिहिला. घरात शिरलेल्या माकडाप्रमाणे तो प्रत्यक्ष कामावर असलेल्या संगणकांपैकी वाटेल तो बंद करतो, आणि तेही कचेरीच्या वेळात, म्हणजे काही बिनसले तर दुरुस्त करणारे लोक जागेवर असतील. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण त्रिकोणाचे गणित आठवा. मात्र चाचणी फुकट नसते. प्रत्येक बदलाला थोडा धोका असतोच, त्यामुळे जिथे माणसाचा जीव त्या यंत्रावर आहे, अशा रुग्णालयातल्या कृत्रिम श्वसनयंत्राच्या विजेवर कोणी माकड सोडू नये. तिथे आधी पर्यायी सोय हाताशी ठेवून, ठरवून चाचणी घेतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यात याहून जुने उदाहरण आहे. मुंबईकडे जाणारी गाडी कसारा घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीला तिच्या ब्रेकची चाचणी घेतात. ब्रेक मागच्या महिन्यात तपासले होते, हे उत्तर तिथे चालत नाही. तपासणी आणि गरज यांमधले अंतर जवळजवळ शून्यावर आणले, की करवतीचा दाता उरतच नाही.

शनिवार, २ मार्च २०२४ रोजी, एरवी सुट्टीच्या दिवशी, शेअर बाजार मुद्दाम उघडण्यात आला. सकाळी ९.१५ ते १० व्यवहार मुख्य केंद्रावरून झाले. मग सारी यंत्रणा राखीव केंद्रावर हलवली गेली, आणि ११.३० ते १२.३० या वेळात खरे ग्राहक, खरे पैसे व खरे सौदे घेऊन बाजार तिकडून चालला. १८ मे २०२४ च्या शनिवारीही असेच सत्र झाले. नुसत्या लुटुपुटुच्या सरावापेक्षा याची किंमत अधिक, कारण दलालांच्या, बँकांच्या आणि तारा पुरवणाऱ्यांच्या यंत्रणाही त्याच वेळी परीक्षेला बसल्या.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. एका गावच्या आरोग्य केंद्रात लसींच्या शीतपेटीसाठी राखीव जनित्र आहे. ते सरासरी ६०० दिवसांत एकदा बिघडते व दर ६० दिवसांनी चालवून पाहिले जाते. वीज गेली असता ते बंद आढळण्याची सरासरी संभाव्यता काढा. आता केंद्राने तसेच दुसरे जनित्र घेतले. दोन्ही एकाच दिवशी तपासायची, की एक महिन्याच्या अंतराने आळीपाळीने? दोन्ही करवती एकाच आलेखावर काढून पाहा, आणि दोन्ही जनित्रांचे डिझेल एकाच टाकीतून येत असेल तर तुमच्या उत्तरातले काय काय बदलेल तेही लिहा.